ताबूत थंडे झाले : वाटून घेतलेल्या एका शोकाचा इतिहास

मराठीत एखाद्या गोष्टीचा गाजावाजा ओसरला की ‘ताबूत थंडे झाले’ असे म्हणण्याची जुनी रीत आहे. म्हणणाऱ्याच्या मनात त्या वेळी मोहरम असतोच असे नाही. तरी या तीन शब्दांत आपल्या मुलखाचा तीन-चारशे वर्षांचा इतिहास गोठलेला आहे. ‘ताबूत’ हा अरबी शब्द. त्याचा अर्थ शवपेटी. ‘थंडे’ हा दख्खनी वळणाचा शब्द. ‘झाले’ ही शुद्ध मराठी. अरबस्तानातील एका मृत्यूची पेटी दख्खनच्या ओढ्यात बुडते आणि ती बुडाली हे सांगण्याचे काम मराठी क्रियापद करते. परक्याच्या शोकाला आपल्या भाषेने इतक्या सहज घरात घेतल्याची उदाहरणे फार नाहीत. म्हणून या शोकाची कहाणी भाषेच्या वाटेने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

मूळ घटना सर्वांना ठाऊक आहे. ती थोडक्यात सांगतो. हिजरी सन ६१, मोहरम महिन्याची दहावी तारीख, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने १० ऑक्टोबर ६८०. फरात नदीजवळच्या करबलाच्या मैदानावर पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांचे मोजके सोबती यझीदच्या सैन्याकडून मारले गेले. परंपरेने या सोबत्यांची संख्या ७२ सांगितली जाते. शेवटचे तीन दिवस त्यांचे पाणी तोडण्यात आले होते. मृतांमध्ये पाणी आणायला गेलेले सावत्र बंधू अब्बास होते, मोठे बंधू हसन यांचा कोवळा मुलगा कासीम होता आणि सहा महिन्यांचे तान्हे मूल अली असगर होते. तहान, तरुण पुतण्या आणि तान्हे मूल या तीन गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

हा शोक दख्खनेत आला तो दरबारांच्या वाटेने. विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने १५०२ साली शिया पंथाचा खुतबा वाचविला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर यांच्या प्रभावाखाली १५३७च्या सुमारास तोच मार्ग धरला. गोवळकोंड्याचे कुतुबशाह तर प्रारंभापासून शियाच होते. मुहम्मद कुली कुतुबशहाने हैदराबाद वसविल्यानंतर लगेचच, १५९०च्या दशकात, बादशाही आशूरखाना उभारला. त्याच्या रंगीत कौलांच्या भिंती आजही उभ्या आहेत. हा सुलतान स्वतः दख्खनीत मर्सिये रचत असे. ‘मर्सिया’ म्हणजे मृताच्या नावाने रचलेले शोककाव्य. विजापुरात मिर्झा नावाच्या कवीने आपली प्रतिभा बहुतांशी याच एका प्रकारासाठी राखून ठेवली. त्याहून आधी, १५०३ साली, निजामशाही मुलखातील शाह अशरफ बियाबानी यांनी करबलाच्या कथेवर ‘नौसरहार’ हे दीर्घकाव्य लिहिले. दख्खनी भाषेच्या सुरुवातीच्या लिखित काव्यांत एक शोककाव्य आहे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

येथे विजापूरच्या इतिहासातील एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. १५३४ साली गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने शिया खुतबा बंद करून सुन्नी रीत परत आणली. याच सुलतानाने दफ्तरातील फारसी काढून हिशेब ‘हिंदवी’त ठेवण्याचा हुकूम केला आणि ते काम ब्राह्मणांच्या हाती दिले, असे फेरिश्ता सांगतो. ही ‘हिंदवी’ म्हणजे मराठी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे शोकाचा राजाश्रय ज्याने काढला त्यानेच देशी भाषेला दफ्तरात बसविले. पुढच्या सुलतानाने, पहिल्या अली आदिलशहाने, शिया पंथ पुन्हा आणला. त्याच्यामागून आलेल्या दुसऱ्या इब्राहिमाच्या काळी पारडे परत फिरले. दरबारात असे हेलकावे चालू असताना गावोगावच्या पंज्यांचे मात्र काही बिघडले नाही. तोवर हा शोक दरबाराच्या हातून निसटून गावाच्या हाती आला असला पाहिजे, एवढाच याचा अर्थ.

गावाने त्याचे काय केले? सर्वप्रथम त्याला आपल्या शब्दांत बसविले. मोहरमचा चंद्र दिसला की ‘कुदळी मारतात’, म्हणजे आशूरखान्यासमोर खड्डा खणण्यासाठी पहिली कुदळ घालतात. त्या खड्ड्यात पेटते तो ‘अलावा’. धातूचे निशाण बाहेर निघते त्याचे नाव ‘पंजा’. तो बसविला की ‘पीर बसले’. मिरवणूक म्हणजे ‘सवारी’, ताबूत पालखीसारखा असला तर तो ‘डोला’. वाटला जाणारा गोड पदार्थ ‘शेरणी’, मूळ फारसी ‘शिरीनी’. घरात तळतात ते ‘चोंगे’. नववीची रात्र ‘कत्तलची रात’. हुसेनांच्या घोड्याची मानली जाणारी नाल घेऊन धावणारा माणूस ‘दुल्ला, दुल्ला’ असा घोष करतो. हा ‘दुल्ला’ म्हणजे दुल्हा, नवरदेव; लग्नाच्या हळदीत मारला गेला अशी लोककथा असलेला कासीम. दख्खनी मोहरमात नवरदेवाचे नाव शोकघोष होऊन बसले, यातच या शोकाचे देशीपण दिसते.

सीमेपलीकडे, म्हणजे भाषेच्या सीमेपलीकडे, पाहिले तरी हेच घडलेले दिसते. उत्तर कर्नाटकातील कानडी माणूस याला ‘अलायी हब्ब’ म्हणतो. अलावा हाच शब्द, कानडी उच्चाराचा पोशाख घातलेला. त्या दिवसांत म्हटल्या जाणाऱ्या पदांना तो ‘रिवायत’ म्हणतो. हा अरबी शब्द ‘कथन, परंपरेने आलेली वार्ता’ या अर्थाचा आहे. शिशुनाळचे संत शरीफसाहेब (१८१९–१८८९) यांनी अशी पदे कानडीत रचली. त्यांचे गुरू गोविंदभट्ट हे ब्राह्मण होते, हेही जाता जाता सांगायला हवे. तेलंगणात हा ‘पीरल पंडुग’, पिरांचा सण. तेथे अलाव्याभोवती नाचताना ‘असोय दूला हारती’ असा घोष होतो. त्यात हसन आहे, दुल्हा आहे आणि आरतीही आहे. आपल्याकडे सांगली, सोलापूर, कोल्हापूरच्या बाजूला ‘करबल’ची गाणी आणि करबलचा नाच आहे. करबला या स्थळनामाचा शेवटचा ‘आ’ गळून पडला आणि त्या नावाचा खेळ झाला. इंग्रजांनाही हा घोष ऐकून ऐकून पाठ झाला होता. १८८६ साली युल आणि बर्नेल यांनी हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा मोठा कोश छापला, त्याचे नावच ‘हॉब्सन-जॉब्सन’. ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचा गोऱ्या शिपायाच्या तोंडी झालेला हा अपभ्रंश. शोकाचा हा शब्द एका भाषेत चेष्टेचा झाला आणि दुसऱ्या भाषेत आरतीचा. कोणी तो कोणत्या अंतरावरून ऐकला, याचा हा हिशेब.

मराठी राज्यात मोहरम हा परका महिना नव्हता, याचा पुरावा ज्याने मोडी कागद उलगडले आहेत त्याला वेगळा द्यावा लागत नाही. पेशवाईतील पत्रांवर ‘छ’ हे अक्षर घालून मुसलमानी चांद्र महिन्याची तारीख लिहीत. वर्ष शुहूर सनाचे आणि त्याचे आकडेही अरबी शब्दांत : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. सोवळ्यात पूजा आटोपून लिहायला बसलेल्या कारकुनाच्या बोरूखाली ‘मोहरम’ हा शब्द चैत्र-वैशाखाइतक्याच सहजतेने उतरे. गावखर्चाच्या यादीत देवळाच्या दिवाबत्तीबरोबर दर्ग्या-पिरांचाही खर्च पडे. शहाजीराजे आणि शरीफजी ही दोन भावंडांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसाची, ही परंपरा शाळकरी मुलांनाही माहीत आहे.

मराठे उत्तरेत गेले तेव्हा हा शोकही त्यांच्याबरोबर गेला. थॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. त्याची त्या वर्षीची पत्रे १८१३ साली लंडनला पुस्तकरूपाने निघाली. छावणीतला मोहरम आणि त्या दिवसांत फकिरी घेणारे मराठे सरदार यांचे वर्णन त्यात आहे. ग्वाल्हेरला शिंद्यांचा ताजिया आणि इंदूरला होळकरांचा ‘सरकारी ताजिया’ ही त्या काळाची शिल्लक. इंदूरच्या राजवाड्याजवळील इमामबाड्यात तो ताजिया बसतो. माळव्यात स्थिरावलेल्या आपल्या मंडळींनी गणपती, हरतालिका, पुरणपोळी जपली हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच गाठोड्यात मोहरमही होता, हे सांगायला सहसा विसरतो.

आता मुख्य प्रश्न. ज्यांचा इस्लामशी धर्माने संबंध नव्हता त्या कुणबी, धनगर, साळी, महार, मराठा घरांनी हजारो कोसांवरच्या, हजार वर्षांपूर्वीच्या मृत्यूसाठी दहा दिवस अनवाणी का चालावे? राजाची मर्जी राखायला, असे एक उत्तर दिले जाते. ते मला पुरेसे वाटत नाही. राजे गेले, आदिलशाही १६८६ साली संपली, तरी चाल टिकली. उत्सवाची हौस, हे दुसरे उत्तर. त्यात थोडे तथ्य आहे. वाघाची सोंगे, ढोलताशा, दांडपट्टा हे सारे तेथे असतेच. पण हौसेसाठी निखाऱ्यांवरून कोणी चालत नाही.

मला वाटते, उत्तर त्या तीन गोष्टींत आहे. तहान ही माण, खटाव, जत, अथणी, विजापूर या पट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. १६३०चा दुष्काळ, १८७६ ते ७८चा दुष्काळ याच भूमीवर पडले. पाण्याविना मेलेल्यांच्या कथेला येथे श्रोता मिळाला नसता तरच नवल. म्हणूनच मोहरमात पाणपोई आणि सरबत यांना एवढे महत्त्व. मृताच्या नावाने दुसऱ्याच्या घशात पाणी घालणे हा विधी आहे, आणि तो पौरोहित्यावाचून कोणालाही करता येतो.

तान्ह्या मुलाची गोष्ट याहून खोल जाते. आपल्या हिंदू रीतीत लहान मूल गेले तर त्याचे दहन होत नाही, पुरतात. त्याचा दहावा नाही, तेरावा नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट पाहणे नाही. शास्त्राच्या दृष्टीने ते अजून घराण्याच्या हिशेबातच आलेले नसते. एकेका बाईची तीन-चार लेकरे पाळण्यातच जात, त्या काळात त्या आईने रडायचे कोठे? घरातल्या घरात, पदराआड. तेही सासू बरी असेल तर. वर्षातून एकदा अख्खे गाव सहा महिन्यांच्या तान्ह्यासाठी मोठ्याने रडत असेल, तर त्या रडण्यात आपले रडणे मिसळून देण्यास कोणाची परवानगी लागत नाही. पिराला नवस बोलून मुलाला ‘फकीर’ करण्याची चाल याच जागी बसते. वाचावे म्हणून त्याच्या गळ्यात लाल-हिरवे नाडे घालायचे, हिरवा अंगरखा चढवायचा आणि पाच घरी भिक्षा मागायला धाडायचे. जो आधीच पिराचा झाला त्याला मृत्यू कसा नेणार, असा तो भाबडा युक्तिवाद. यावर हसणाऱ्याने त्या काळचे बालमृत्यू आठवावेत.

या विधीची बांधणी पाहिली तर तिच्यात आणि आपल्या मर्तिकाच्या विधींत विलक्षण साम्य आढळते. ‘आशुरा’ हा शब्द ‘दहा’ या अर्थाच्या अरबी धातूवरून आलेला आहे. म्हणजे अक्षरशः ‘दहावा’. त्यानंतर तिसऱ्या दिवशी जियारत, चाळिसाव्या दिवशी चेहलम. फारसी ‘चिहिल’ म्हणजे चाळीस. आपला तिसरा, दहावा, तेरावा, मासिक आणि वर्षश्राद्ध यांची रचना याच तत्त्वावर आहे. दुःखाला मोकाट सोडायचे नाही आणि दाबायचेही नाही. त्याला तारखा नेमून द्यायच्या. आज एवढे, परवा एवढे, आणि अमुक दिवशी उठून कामाला लागायचे. सुतक फिटते, तसे ताबूत थंडे होतात. ‘थंडे’ होणे ही कल्पनाही आपलीच आहे. दख्खनेत ताबूत पाण्यात नेतात, अस्थी नेतो तसे, गणपती नेतो तसे. तापलेले काही तरी पाण्यात शांत केल्यावाचून आपल्याकडे कोणतीच गोष्ट संपत नाही.

आणखी एक गोष्ट मला वकील म्हणून महत्त्वाची वाटते. हा शोक भावनेवर सोडलेला नव्हता, तो हक्कांत बांधलेला होता. अलाव्याचे लाकूड कोणी आणायचे, कुदळ पहिली कोणाची, पंजाला पहिला गलेफ कोणाचा, सवारी कोणाच्या दारी थांबायची, ढोल कोणी वाजवायचा, या प्रत्येकाचा ‘मान’ ठरलेला असे आणि तो निरनिराळ्या जातींच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चाले. सांगली जिल्ह्यातील कडेगावात शंभर फुटांहून उंच ताबूत उठतात आणि त्यांत हिंदू मानकऱ्यांचेही ताबूत असतात. ते या व्यवस्थेचे आजचे सर्वांत ठळक रूप. ‘सलोखा’, ‘ऐक्याचे प्रतीक’ असे शब्द वर्तमानपत्रे दरवर्षी छापतात. मला ते शब्द थोडे पातळ वाटतात. तेथे कोणी कोणावर उपकार करीत नाही; प्रत्येक जण आपला हक्क बजावीत असतो, आणि तो डावलला गेला तर भांडतोही. भांडण होणे हे सामाईक मालकीचे लक्षण आहे. परक्याच्या वस्तूवरून कोणी मानपानाचे भांडण काढत नाही.

या सामाईक मालकीला पहिला मोठा तडा गेला तो १८९३-९४ साली. ऑगस्ट १८९३मध्ये मुंबईत दंगल झाली. त्याच सुमारास गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप मिळाले. पुण्यात तोवर हिंदूंचे ताबूत पुष्कळ असत. १८९४च्या मोहरमावर पुण्यातील हिंदूंनी मोठ्या प्रमाणावर बहिष्कार घातला आणि गणपतीच्या मेळ्यांच्या पदांतून ताबुतांत जाऊ नका असे आवाहन होऊ लागले. ढोलताशा, मेळे, रात्रीच्या मिरवणुका, शेवटच्या दिवशी पाण्याकडे प्रयाण हे सगळे साहित्य एका मांडवातून उचलून दुसऱ्या मांडवात नेण्यात आले. लोकमान्यांच्या राजकारणाचा हिशेब येथे मांडण्याचे कारण नाही. तो हिशेब मोठा आहे आणि त्याच्या जमेच्या बाजूला पुष्कळ काही आहे. पण शोकाच्या बाजूने पाहिले तर एक उणीव राहिली. गणपतीच्या मांडवात आनंदाला जागा झाली. सहा महिन्यांच्या तान्ह्यासाठी रडणारी बाई त्या मांडवात कोठे बसणार होती?

मुंबईत ही चाल आवरण्याचे काम पोलिसांनी केले. गल्लोगल्लीच्या टोळ्यांची दांडगाई वाढल्याचे कारण देऊन पोलीस आयुक्त एडवर्ड्‌स यांनी १९१२ साली तेथील ताबुतांच्या मिरवणुकांचे जुने स्वरूपच मोडून काढले. दर्यापार तर याहून भयंकर घडले होते. त्रिनिदाद बेटावर उसाच्या मळ्यांत मजुरीला नेलेल्या हिंदुस्थानी गिरमिटियांनी हा शोक तेथेही नेला होता. तेथे त्याचे नाव ‘होसे’, हुसेन या नावावरून. सरकारने शहरात मिरवणूक नेण्यास बंदी केली. तिच्याविरुद्ध अर्ज करणाऱ्यांत सुखू नावाचा हिंदू मजूर पुढे होता. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी मिरवणुकीवर गोळीबार होऊन अनेक मजूर ठार झाले. शोक करण्याचा हक्क मागताना माणसे मेली आणि शोकाला नवे कारण मिळाले.

कायद्याचा भाग थोडा विस्ताराने सांगतो, कारण तो फारसा कोणी सांगत नाही. १८७७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे सटकू विरुद्ध इब्राहिम आगा हा दावा आला. प्रश्न होता ताबुतांची मिरवणूक सार्वजनिक रस्त्याने नेण्याच्या हक्काचा. न्यायालयाने म्हटले की सार्वजनिक रस्त्यावरचा हक्क सर्वांचा आहे. तो अडविला गेल्याने ज्याचे स्वतःचे असे विशेष नुकसान झाले नाही, त्याला दिवाणी दावा लावता येत नाही. कायद्याची चौकट म्हणून हे तर्कशुद्ध आहे. पण शोकात ‘विशेष नुकसान’ कसे सिद्ध करायचे? जे सर्वांचे नुकसान आहे तेच तर तेथे रस्त्यावर आलेले असते.

पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयाकडून एक अपील प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. मंझूर हसन विरुद्ध मुहम्मद जमान, १९२५च्या निकालसंग्रहांत छापलेले. गावाचे नाव औरंगाबाद, पण ते आपले मराठवाड्यातले नव्हे. तेथील शियांची ताबुतांची मिरवणूक मशिदीजवळ मातम करण्यासाठी थांबे, आणि त्याला तेथील सुन्नी मंडळींची हरकत होती. लॉर्ड ड्युनेडिन यांनी निकाल दिला की हिंदुस्थानात धार्मिक मिरवणूक, तिच्या योग्य त्या विधींसह, सार्वजनिक रस्त्याने नेण्याचा हक्क आहे. स्थानिक अधिकाऱ्यांचे वाजवी हुकूम आणि इतर जनतेचा रस्त्याचा वापर एवढ्यांच्या अधीन राहून. मुंबईचा जुना दृष्टिकोन त्यांनी स्वीकारला नाही. आज गणपतीची, शिवजयंतीची, रथयात्रेची मिरवणूक अडविली गेली की आम्ही वकील मंडळी हाच निवाडा काढून न्यायाधीशांपुढे ठेवतो. तो निवाडा छाती बडवीत थांबलेल्या एका जमावाने मिळविलेला आहे, हे अशिलाला सांगितले तर त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

गोव्याचा उल्लेख केल्याविना हा विषय मला अपुरा वाटतो. पश्चिम आशियातील दुसऱ्या एका मृत्यूचा शोकही मराठीत याच सुमारास उतरला. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले, सुमारे ११,००० ओव्यांचे. त्यात ख्रिस्ताच्या मरणयातनांची कथा ओवीच्या चालीत आहे आणि नवख्रिस्ती गोवेकर ती चर्चमध्ये एकत्र बसून ऐकत. दोन्ही शोक बाहेरचे, दोन्हींना देशी भाषेने ठाव दिला. फरक असा की गोव्यातला शोक विद्वानाच्या लेखणीतून, पीठावरून खाली आला. आणि १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषा तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोलावे असे फर्मान काढले तेव्हा त्याच्या पायाखालची भूमीच ओढली गेली. मोहरमच्या पदांना छापील ग्रंथ नव्हता. त्यामुळे फर्मान काढून बंद करण्यासारखे त्यात काही नव्हते. त्यांचा धोका वेगळा आहे, तो पुढे सांगतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवार हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, निजामाचे राज्य तीन भाषांत वाटले गेले. त्या रेषेबद्दल या ठिकाणी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज ते बाजूला ठेवतो. आजचा मुद्दा एवढाच की ती रेषा आखताना माणसाची मातृभाषा कोणती हे पाहिले गेले, आणि ते रास्तच होते. पण माणूस कोणत्या भाषेत रडतो, याचा रकाना कोणत्याही खानेसुमारीत नव्हता. तसा असता तर उत्तरे बुचकळ्यात टाकणारी आली असती. आमच्या भागातील एका गावात मी करबलच्या पदांची एक जुनी वही पाहिली. लिपी सगळी देवनागरी. एक पद मराठी, पुढचे दख्खनी, त्यापुढचे कानडी. आणि काही पदांत तर ध्रुवपद एका भाषेत व कडवी दुसऱ्या. लिहिणारा गृहस्थ जातीने मराठा, शिक्षण चौथीपर्यंत. त्याला तीन भाषा येत होत्या असे म्हणण्यापेक्षा, शोकाच्या त्या दहा दिवसांपुरती त्या गावाची एकच भाषा होती आणि ती तीन भाषांची बनलेली होती, असे म्हणणे अधिक बरोबर. या पदांत कलगी-तुऱ्यासारखे, किंवा कानडीतील हरदेशी-नागेशीसारखे, सवाल-जवाबही असतात. हुसेनांच्या घोड्याने काय पाहिले, असा प्रश्न एका फडाने टाकायचा आणि दुसऱ्याने पदातूनच उत्तर द्यायचे. रडताना चढाओढ कसली, असे शहरी माणसाला वाटेल. पण मन गुंतवून ठेवण्याचा तोच तर उपाय आहे. पिकल्या पानाच्या मयताला रात्रभर भजनाच्या बाऱ्या लावणारे आपण, आपल्याला हे कळायला हरकत नसावी.

२०१८, २०१९ आणि २०२० अशी तीन वर्षे मोहरम आणि गणेशोत्सव लागोपाठ एकत्र आले. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. आपल्या पंचांगात अधिक मास पडेपर्यंत दोन्ही महिने हातात हात घालून चालतात, मग सुटतात, आणि साधारण ३३ वर्षांनी पुन्हा भेटतात. त्या तीन वर्षांत अनेक गावी एकाच मांडवात गणपती आणि पीर बसले. तिसऱ्या वर्षी महामारीमुळे दोन्ही मिरवणुका थांबल्या. २०२० सालचे मृत्यू आठवा : रुग्णालयातून परस्पर स्मशानात, चार माणसांत उरकलेले, दहाव्याला कोणी नाही. ज्या वर्षी सामूहिक शोकाची सर्वांत अधिक गरज होती त्याच वर्षी आशुऱ्याचे रस्ते ओस पडलेले होते. त्यातले कित्येक शोक अजून फिटलेले नाहीत, असे घराघरांत वावरताना जाणवते.

आता तो वेगळा धोका. एका बाजूने, १८९४पासून चालत आलेला ‘हे आपले नव्हे’ हा आग्रह. दुसऱ्या बाजूने, ताबूत, पंजे, नवस ही धर्मात नसलेली भर आहे असे सांगणारे मुसलमान सुधारक. दोघांचे युक्तिवाद ग्रंथांच्या आधाराने केलेले आहेत आणि आपापल्या ग्रंथांपुरते ते बिनतोडही असतील. या दोहोंच्या मध्ये ज्यांच्याकडे ग्रंथ नाही, केवळ एक वही आहे, अशी माणसे उभी आहेत. तरुण मुले पुण्या-बंगळुरास कामाला गेली. करबलचा नाच दहा दिवसांच्या रजेवाचून शिकता येत नाही, आणि मोहरमला दहा दिवस रजा कोणत्या कारखान्यात मिळते? पदाची चाल ठाऊक असलेले म्हातारे एकेक करून जात आहेत. कानडीत रिवायत पदांचे संकलन विद्यापीठीय अभ्यासकांनी आस्थेने केले. मराठी करबलच्या वाट्याला तेवढी आस्था आलेली नाही.

मी पाहिलेल्या वहीची शेवटची पाने पाण्याने फुगली आहेत. ताबूत ओढ्यावर नेताना वही घेणारा माणूसही पाण्यात उतरतो आणि अखेरचे पद तेथेच, गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हणतात. त्या पदाची शाई पसरली आहे. पहिल्या दोन ओळी लागतात. पुढच्या, ज्यांना त्या तोंडपाठ आहेत अशा दोघा वृद्धांकडून या वर्षीच्या मोहरमापूर्वी लिहून घ्यायच्या आहेत. त्यांतले एक कानडी घरातले आहेत, दुसरे मराठी. आणि तिसऱ्या ओळीबद्दल दोघांचे अजून एकमत झालेले नाही.